चिकटवलेलं बूच

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नायगाव तालुक्यात पुरातून माणसं आणताना एक रेस्क्यू बोट मागच्या बाजूने बुडाली. लाईफ जॅकेटमुळे सगळे वाचले. चालक हणमंत याला त्याच संध्याकाळी ड्यूटीवरून काढलं. कारण दिलं, माणसं जास्त भरली.

बोट नांदेडला माझ्या फायबर वर्कशॉपमध्ये आली. सोबत बोट ज्यांची, त्या सरकारी कार्यालयाचे इंजिनिअर होते. हणमंत त्यांच्या मागून स्वतःच्या खर्चाने आला होता.

इंजिनिअरांनी मागचा तडा दाखवला. "एवढा भरा, रंग मारा. बाकी काही उघडू नका."

ट्रेलरवरून उतरवताना बोट हलेना. एरवी सहा माणसं अशी बोट सरकवतात. आम्ही दहा जण लागलो होतो.

फायबरच्या बोटीला खाली बूड असतं आणि वर उभं राहायला डेक. मधल्या पोकळीत फोम असतो. तिथे पाणी थोडंफार झिरपतंच. म्हणून मागे तळाशी ड्रेन प्लग असतो, साध्या भाषेत बूच. बोट नदीबाहेर काढली की बूच काढून पाणी जाऊ द्यायचं. या बोटीचं बूच काळ्या सीलंटने कायमचं चिकटवलेलं होतं. गाडीची पुढची काच ज्याने बसवतात, तेच सीलंट. डेकच्या कडेनेही तेच फिरवलेलं.

"हे कुणी केलं?"

"सायबांनी करून घेतलं," हणमंत म्हणाला. "बूच सारखं हरपायचं. ऑडिटला सामान कमी भरायचं."

"तू मधे बोलू नको," इंजिनिअर म्हणाले.

"म्या न्हाई बोललो तर कोण बोलंल? गावात लोक म्हणून राहिले, हणम्या दारू पिऊन होता."

इंजिनिअर माझ्याकडे वळले. "थिनर टाका. सुटलं तर सुटलं."

वाळलेलं सीलंट थिनरने सुटत नाही, रंग तेवढा जातो. ग्राइंडर लावला तर फायबर कापलं जातं. मी सांगितलं, डेक उघडल्याशिवाय बोट देणार नाही.

"मग दुसरीकडे नेतो."

"न्या. आधी उचलून दाखवा."

ते फोनवर बोलत बाहेर गेले, ते त्या दिवशी परत आले नाहीत.

सीलंट हीट गनने बेताने तापवायचं. जास्त तापलं की फायबरला फोड येतात. मऊ झालं की बारीक पोलादी तार आत सरकवायची आणि दोन्ही टोकांच्या मुठी धरून करवतीसारखी ओढायची. एक मूठ माझ्याकडे, दुसरी हणमंतकडे. तार तुटत होती. तुटली की तो शिवी देऊन दुसरी लावायचा. शिवी तारेला नव्हती.

डेक उचलला. फोम भिजून काळा पडला होता, दाबला की पाणी गळत होतं. खाली पोकळीत पाणी साचलेलं. माणसं बसायच्या आधीच बोटीत तेवढं ओझं होतं. मी सगळ्याचे फोटो काढले.

इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आले. "फोटो कशाला काढले?"

"हणमंतच्या चौकशीसाठी."

"चौकशी झाली."

फोटो आणि रिपोर्ट मी कार्यालयात नेऊन दिले. पोच घेतली. नवा फोम भरला, नवं बूच साखळीने बांधलं. हणमंतला अजून परत घेतलेलं नाही.

बोट न्यायला नवा चालक आला. पोहता येतं का, असं मी त्याला विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून शिकून राहिलो."