तंबाखू लावलेली काच

त्या दिवशी मला सावरलं ते आक्कांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं लिहिणार आहे ते बहुतेक घाणीविषयी, आणि त्या घाणीत आक्का मागं पडायला नकोत. आक्का म्हणजे माझ्या खोलीच्या मालकीणबाई. मोशीतलं जुनं शेतकरी घर त्यांचं. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या, आणि आक्का चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागल्या. त्यांना आणि आसपासच्या बायकांना शिफ्टला नेणारी गाडी मी चालवतो. नववीत शाळा सुटलेला, परभणीकडून आलेला माणूस मी. इथं मला ‘अरं लेका’ म्हणणारं त्यांच्याशिवाय कुणी नाही.

आज सुटी आहे. गाडी अंगणात घेऊन वायपरची झिजलेली ब्लेडं काढायला बसलोय, आणि अजून हात लावायचं धाडस होत नाही. रबराची एक पट्टी सुटून मेलेल्या गांडुळासारखी लोंबते आहे. तिच्या फटीत डासांचे पाय, माश्यांचे पंख, चाकण रस्त्यावरच्या डिझेलची काजळी, सगळं मिळून एक काळी, चिकट साय झाली आहे. बोटाला लागली की साबणानंही जात नाही; रात्री भाकरी मोडताना तोच वास नाकात शिरतो. बोनेटच्या कडेला जाळी असते, तिच्यात पावसानं साचवलेली पानं कुजून लगदा झाली आहेत, त्यातच कुणीतरी टाकलेली गुटख्याची पुडी. तो लगदा उपसायला बोटं घातली आणि तशीच मागं घेतली. कुजक्या पानांच्या आणि भिजल्या तंबाखूच्या वासात फारसं अंतर नाही. त्या वासासरशी मला तो श्रावण आठवला.

तेव्हा मी नवाच होतो. ब्लेडं पार गेलेली. पाणी पुसायच्या ऐवजी काचेवर सारवण घालायची. गाडीच्या शेठला सांगितलं तर म्हणाला, “चालतंय की अजून. एवढा सीझन काढ.” मी मुळात भित्रा. गाडी चालू करायच्या आधी हँडब्रेक दोनदा बघणारा. पण शेठला उलट बोललो तर चावी जाईल, ही भीती अपघाताच्या भीतीपेक्षा मोठी होती. टपरीवर ड्रायव्हर मंडळींत हे बोललो तर एक जण खदखदून हसला. “भावा, ब्लेडं बदलतंय कोण इथं? तंबाखू चोळ, तंबाखू!” मी नको म्हणेपर्यंत त्यानं तळहातावरची तंबाखू गाडीच्या काचेवरच्या पाण्यात कालवून सगळीकडं फासलीसुद्धा. इथं सगळेच असं करतात. तंबाखू चोळली की साध्या पावसात काचेवर थेंब टिकत नाहीत, हेही खरं. पण मला तंबाखूची उपजत शिसारी. गावच्या स्टँडच्या भिंती, दवाखान्याचे जिने, शाळेच्या पायऱ्या, सगळीकडं त्या लाल-तपकिरी पिचकाऱ्या बघत वाढलो. आता तोच रंग माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या काचेवर ओघळत होता, आणि तो माणूस हात पँटीला पुसून म्हणत होता, “बघ राव, कशी आरशागत झाली!”

दुपारच्या शिफ्टला निघालो. भर दुपारी अंधारून आलेलं. पाऊस होता तोवर ठीक होतं. मग एक कंटेनर शेजारून गेला आणि खड्ड्यातला तेलकट राडा त्यानं अख्खा काचेवर मारला. वायपर फिरला, आणि चिखल, तेल, तंबाखू यांचं एक तपकिरी लुकण काचभर पसरलं. पुढचं काही दिसेना. मागं ट्रकचा भोंगा, कडेला उतरायला जागा नाही, गाडीत बायका. मी गाडी नुसती रांगत ठेवली.

पुढच्या सीटवरच्या आक्कांनी खिडकी खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. “हळू घे. सरळ. सरळच राहू दे. आता जरा डावीकडं... अरं फटफटी हाय पुढं, थांब! हां, गेली. घे.” प्रत्येक गाडी त्यांच्या तोंडावर राडा उडवून जात होती. त्या थुंकायच्या, आणि पुढचा शब्द सांगायच्या. मी डोळे असून आंधळा, त्यांच्या आवाजावर स्टिअरिंग फिरवत होतो. कसाबसा एका ढाब्यासमोर लागलो.

आक्कांचं तोंड काळंकुट्ट झालेलं, केसांत चिखल, दातांत वाळू. पदरानं तोंड पुसत त्यांनी काचेवर बोट फिरवलं, वास घेतला. “तंबाखू फासली व्हय रं?” मागून एक बाई म्हणाली, “आक्का, मिश्रीची डबी तर तुमच्या बी कमरेला हाय की!” बायका हसल्या. आक्का हसल्या नाहीत. “मी दाताला लावते बाई. दुसऱ्याच्या जिवाला न्हाई.”

तिथूनच माझ्या फोनवरून त्यांनी शेठला सुनावलं, “नवी ब्लेडं बसल्याबिगर आमी कुणीच गाडीत बसणार न्हाई. आन् ह्या पोराला काय बोलायचं न्हाई.” संध्याकाळच्या आत ब्लेडं अंगणात हजर.

ती बसवायला मी उभा राहिलो तर आक्कांनी घरातून चौघडी आणली, जुन्या लुगड्यांची, तान्ह्या लेकराखाली घालतात तसली. घडी करून काचेवर अंथरली. मला त्या मऊ कापडाची लाज वाटली. इतक्या घाणीवर इतकं धुतलेलं कापड! म्हटलं, “कशाला ओ आक्का, खराब होईल.” “होऊ दे. लोखंड हाय ते.” वायपर उचलून, खटका दाबून जुनं ब्लेड ओढलं, आणि चिकट बोटांतून वायपरचा उघडा दांडा निसटला. स्प्रिंगच्या जोरानं खाडकन आपटला. मी डोळे गच्च मिटले. काच गेली म्हणजे गाडी गेली, खोली गेली, परत गाव.

“डोळं उघड,” आक्का म्हणाल्या. “काच हाय.”

तीच चौघडी आज आक्कांनी न मागता आणून दिली. त्या दांड्याचा काळा डाग तिच्यावर अजून आहे, किती धुतला तरी गेलेला नाही. टपरीवर अजूनही तंबाखू चोळतात, मला भित्रा म्हणून हसतात, आणि त्या हसण्याचीही आता मला किळस येते. अंगण मात्र बदललं. इथून पूर्वी इंद्रायणीचा काठ दिसायचा म्हणे. आता समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसतात आणि त्यांत वाळणारे कपडे. हे सगळं आठवत शेवटी नवी ब्लेडं बसवून काच पुसली तेव्हा आक्का त्या काचेतून पलीकडं बघत होत्या. म्हणाल्या, “तुमच्याकडं लांबवर दिसतं का रं?”

दिसतं, आक्का. आमच्या शिवारात उभं राहिलं की पलीकडच्या गावची चिंच दिसते, मध्ये काहीच नाही. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळं होतं, तेव्हा कधीतरी मी तुम्हाला पुढच्या सीटवर बसवून तिकडं नेईन. त्या दिवशी तुमच्या डोळ्यांनी मी रस्ता काढला. काच मी आदल्या संध्याकाळीच स्वच्छ पाण्यानं धुऊन ठेवीन. तुम्हाला खिडकीबाहेर डोकं काढायला लागणार नाही.