तात्याराव परत आले

ताडकळसचे तात्याराव एसटीत ड्रायव्हर होते. सारी नोकरी गाडीवर गेली. निवृत्तीनंतरही सकाळचा चहा झाला की पाय आपोआप स्टँडकडे वळत. बायको कमलबाई वारल्यावर ते घरात एकटेच राहिले. मग एकदा मोरीत घसरून पडले आणि शेजारचे लिंबाजी येईपर्यंत तसेच पडून होते. कॅनडात नर्स असलेल्या सुकेशनीला, त्यांच्या एकुलत्या लेकीला, हे कळलं. त्यानंतर ती कुणाचं ऐकेना. उन्हाळ्यात स्वतः येऊन त्यांना घेऊन गेली.

लेकीच्या घरी कशाची वाण नव्हती. जावई धम्मपाल त्यांना विचारल्याशिवाय चहा टाकत नसे. पण दोघं कामावर गेले की तात्याराव या खिडकीतून त्या खिडकीत फिरायचे. टीव्ही लावायचे, बंद करायचे. गावाकडं फोन लावावा तर तिकडं सगळे झोपलेले. बर्फ पडायला लागला तसं दारापुढं फिरणंही बंद झालं. खुर्चीत बसले तरी उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा हलत राहायचा.

एका दुपारी कोट चढवून ते बाहेर पडले आणि समोर आली त्या बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यावर उतरून दुसरी धरली, मग तिसरी. अंधारून आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, लेकीचं घर कुठल्या रस्त्याला आहे ते आपल्याला सांगता येणार नाही. फोन घरीच राहिला होता.

सुकेशनीनं पोलिसांत कळवलं होतं. त्यांनी तात्यारावांना आणून सोडलं, तेव्हा ती ड्युटीच्या कपड्यांतच दारात उभी होती. धम्मपाल अजून बर्फात शोधत फिरत होता. ती रागावली नाही. त्यांचे ओले बूट काढायला खाली बसली आणि रडायला लागली.

"आबा, तुमाला इथं काय कमी पडायलंय?"

"कायबी न्हाई, बाई. पर इथं मी निस्ता तुझा बाप हाय. तिकडं मी तात्याराव हाय."

ती बरेच दिवस अडून बसली. शेवटी लिंबाजींची सून बबिता सकाळ-संध्याकाळ डबा देईल आणि चौकशी करील, या अटीवर तिनं त्यांना पाठवलं.

गावात येऊन थोडे दिवस बरे गेले. मग बाजाराच्या दिवशी, चहाच्या टपरीवर, त्यांच्याबरोबर कंडक्टरकी केलेल्या सितारामनं हळूच विचारलं, "लेकीनं ठिवून घेतलं न्हाई का?"

गावभर हेच बोललं जात होतं. बबितालाही ठाऊक होतं, तिनं फक्त सांगितलं नव्हतं. त्या रात्री डबा तसाच राहिला. आपण आपल्या जिवासाठी निघून आलो आणि बोल लागला लेकीला, हे त्यांना सोसेना.

पुढच्या बाजारी ते त्याच टपरीवर गेले. बसले नाहीत, उभ्यानंच सगळं सांगितलं: वाट चुकली ती, जावयाची धावपळ, बूट काढताना रडलेली लेक.

"तिनं मला हाकललं न्हाई. मीच पळून आलोय. नावं ठिवायची तर मला ठिवा."

काहींनी ऐकलं, काहींनी कापसाचा विषय काढला. पण कुजबूज कमी झाली.

तात्याराव मात्र निवांत झाले नाहीत. आता स्टँडवर बसलं की लेक ड्युटीवरून घरी पोचली असेल का, याचा घोर लागतो. परवा त्यांनी फोनवर विचारलं, थंडी सुरू झाली का. तिनं विचारलं, येता का. "बघू की," म्हणाले, आणि बबितानं केलेल्या वांग्याच्या भाजीविषयी कितीतरी वेळ बोलत राहिले.