पाचवीच्या दिवशी घातलेला मास्क

"तिथंच थांबा, जावईबापू. चपलासुद्धा काढू नका."

देवळाली कॅम्पला सासुरवाडीच्या दारात मी उभा होतो. आत माझी पाच दिवसांची मुलगी होती. जन्मली त्या दिवशी दवाखान्यात एकदाच पाहिली होती, तीही कपड्यात गुंडाळलेली. कपाळ आणि एक मूठ, बाकी काही दिसलं नव्हतं. आज तिची पाचवी होती, आणि कमलमावशी दार अडवून उभ्या होत्या.

कमलमावशी म्हणजे माझ्या बायकोची, सुनंदाची, सख्खी मावशी. सगळी नोकरी स्टाफ नर्स म्हणून केलेली, तेव्हा नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. बाळाला न्हाऊ घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. राखणीचंही.

"मावशी, मास्क लावून आलोय. साधासुधा नाही, एन-९५ आहे."

आवाजात तोरा होता, खोटं कशाला बोलू. मास्क हा माझाच विषय. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर. वडील सायखेड्याला कोबी-फ्लॉवर लावायचे. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी. केलं, वर इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. कुठल्या धुळीला कुठला मास्क, हे मला झोपेतून उठवून विचारा.

साल २००९. स्वाइन फ्लू आला होता. नाशिकच्या मेडिकल दुकानांतले मास्क संपले होते. स्कूटीवरच्या पोरी तोंडाला स्कार्फ बांधायच्या, आता त्यांच्या वडलांनीही रुमाल बांधले. आमच्या प्लांट मॅनेजरनी मला बोलावलं.

"सेफ्टी, आपल्याकडे मास्कचं काय?"

"आहेत सर. ग्राइंडिंगचे. स्टोअरला खोके पडलेत."

"मग वाट कशाची बघताय?"

मी वाटले. टूलबॉक्स टॉक घेतला. म्हणजे शिफ्ट सुरू होण्याआधी मशीनपाशी उभ्याउभ्या देतात ती पाच मिनिटांची सूचना. "हा मास्क लावा आणि बिनधास्त राहा," असं मी म्हणालो. हेच शब्द. ते अजून माझ्या कानात आहेत.

मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पेंट शॉपमधला नामदेव माझ्या केबिनमध्ये आला. पेठ तालुक्याकडचा माणूस, कामाला चोख.

"साहेब, अंग लय दुखतंय. ताप हाय."

तो खोकत होता. मी फॉर्म भरत अर्धा तास त्याच्या समोर बसलो. मला मुलगी झाली म्हणून खिशातला पेढाही दिला त्याला. मग डॉक्टरकडे धाडला. डॉक्टरनी नमुना घेतला आणि घरी राहायला सांगितलं.

"घरी बायको हाय, म्हातारी आई हाय साहेब. खोली एकच."

"काळजी करू नको. हे दोन मास्क ने. घरात लावून बस, आईला काही होणार नाही."

नामदेवनं मान हलवली. साहेब म्हणाले म्हणजे झालं.

पाचवीच्या सकाळी त्याचा रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. आणि माझा घसा खवखवत होता. मी स्वतःला सांगितलं, धूळ असेल. मला मुलगी बघायची होती. आधी नामदेवची धावपळ, मग दोन दिवस ऑडिट. रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं. त्या दिवशी मी नवा मास्क काढला, पट्टा घट्ट केला आणि गाडीला किक मारली.

मावशींनी आतून बँडेजच्या गॉजची एक पट्टी आणली. माझ्या तोंडासमोर धरली.

"सोडा श्वास."

मी सोडला. पट्टी फडफडली.

"हे नाकापाशी गोल काय आहे?"

"व्हॉल्व्ह आहे. ग्राइंडिंगला गरम होतं. चष्म्यावर वाफ येते. म्हणून आतला श्वास बाहेर जायला..."

एवढं बोललो आणि थांबलो. तो व्हॉल्व्ह म्हणजे एक छोटी झडप. श्वास घेताना बंद होते, हवा गाळून आत येते. श्वास सोडताना उघडते, आणि आतली हवा न गाळता सरळ बाहेर. हे मी शेकडो वेळा शिकवलं होतं.

"तुमच्या कारखान्यात धूळ बाहेर आणि माणूस आत," मावशी म्हणाल्या. "इथं धूळ तुम्हीच आहात, जावईबापू. आवाज बसलाय तुमचा. शिकलेले ना तुम्ही?"

हे लागलं. तरी मी एकदा रेटून बघितलं. "लांबून बघतो. दोन मिनिटं. तेवढ्यानं काय होणार?"

"किती जातंय आणि किती वेळ जातंय, त्यावर असतं ते. घरात गोवर आला की पहिल्या पोराला बेताचा यायचा आणि त्याच्या कुशीत झोपणाऱ्या दुसऱ्याला जोरात. वॉर्डात बघितलंय मी. जास्त विषाणू आत गेला की दुखणंही जास्त येत असावं. फ्लूचंही तसंच असेल, असं आपलं मला वाटतं. शपथेवर नाही सांगणार. पण पाच दिवसांच्या जिवावर करून बघायचं नाही."

किती आणि किती वेळ. आमच्या धंद्यात यालाच एक्स्पोजर म्हणतात. थिनरची वाफ असो नाहीतर मशीनचा आवाज, पहिला धडा तोच. मावशी मला माझंच पुस्तक वाचून दाखवत होत्या.

आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. असला मास्क कण अडवतो, वास अडवत नाही. म्हणून मला तेवढा मिळाला.

"मावशी, आलेत का ते?" आतून सुनंदाचा आवाज.

"आलेत. निघालेत."

वळलो आणि पायरीवरच मला नामदेव आठवला. आई. एक खोली. दोन मास्क.

"मावशी, साधे मास्क असतील तुमच्याकडे? बिनव्हॉल्व्हचे?"

त्यांनी एक पुडकं आणि ती गॉजची पट्टी माझ्याकडे फेकली. मी लगेच एक चढवला आणि देवळालीहून थेट नामदेवची खोली गाठली. तो आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. तोंडावर माझा मास्क, कडा काळ्या पडलेल्या.

"काढला नाय बघा साहेब. झोपताना बी नाय." त्याला शाबासकी हवी होती. "आय म्हणत व्हती, बाहेर ओट्यावर नीज. मी म्हणलं, साहेबांचा मास्क हाय, काय नाय होत."

मी दारातूनच सांगितलं. व्हॉल्व्ह काय करतो, ते पट्टी त्याच्याकडे टाकून त्यालाच तोंडासमोर धरायला लावून दाखवलं. "माझी चूक झाली, नामदेव."

तो व्हॉल्व्हकडे बघत राहिला. मग उठला, अंथरूण गोळा केलं आणि ओट्यावर गेला. साधे मास्क मी उंबऱ्यावर ठेवले.

दुसऱ्या दिवशी म्हातारीला ताप भरला. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. पुष्कळ दिवसांनी ती घरी आली, पण आली. नामदेव आत होता तोवर त्याची बायको बाहेर ओट्यावरच स्वयंपाक करत असायची. तिला नुसती सर्दी झाली. म्हातारीचं वय होतं, आणि एका घरावरून काही सिद्ध होत नाही, एवढं बी.एस्सी.ला कळतं. पण मला यायची ती समज आली.

मलाही त्याच दिवशी ताप आला. फोनवर मॅनेजरना म्हणालो, वाटलेले मास्क गोळा करा, साधे मागवा.

"आता परत? लोक घाबरतील. चूक आपली दिसेल."

"आपली नाही सर, माझी. माझं नाव सांगा."

त्यांनी कामगारांना तसंच सांगितलं. माझं नाव घेऊन.

सिडकोतल्या घरी पाच दिवस तापात एकटा पडून होतो. सुनंदा फोन बाळापाशी धरायची. "ऐका, उचकी लागलीय." मी उचकी ऐकायचो. ताप उतरल्यावरही मावशींनी येऊ दिलं नाही, म्हणून बारसंही फोनवरच ऐकलं. बायकांच्या गलक्यात नाव नीट कळलंच नाही. नंतर सुनंदानं सांगितलं, श्रावणी.

अठराव्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभा राहिलो. तोंडाला साधा मास्क.

"घसा?"

"साफ."

"ताप?"

"आठ दिवस नाही."

मावशी बाजूला झाल्या. "काढा तो आता. बाप कसा दिसतो ते बघू दे तिला."

तिची नाळ केव्हाच पडली होती. जन्माचं जावळ थोडं विरळ झालं होतं. पाचव्या दिवशी ती कशी दिसत होती, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. सगळे म्हणाले, छान.

नामदेवनं पुढं बरीच वर्षं आमच्याकडे काम केलं. मी कुठलाही मास्क हातात दिला की तो आधी उलटा करून बघायचा, मगच लावायचा. मला त्याचा कधी राग आला नाही. टूलबॉक्स टॉकला मी अजून गॉजची पट्टी खिशात ठेवतो. मास्क कितीही भारी असू द्या, आधी झडप कुठल्या बाजूला उघडते ते बघा, आणि त्या बाजूला कोण बसलंय तेही.