भाऊ असताना चंद्राला ओवाळलं

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. मला पाठचा सख्खा भाऊ होता, भांडुपला राहायचा, चांगला धडधाकट. तरी दोन-तीन दिवाळ्या मी घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर आमच्या खोलीबाहेर ताट घेऊन चंद्र शोधत उभी राहिले. बीजेची कोर ती, नखाएवढी. जरा उशीर केलात की गेली खाली. शेजारीण विचारायची, "काय गं, भाऊ भांडुपात आणि तू वर काय बघतेस?" मी म्हणायचे, "वरचा न बोलावता येतो ना, म्हणून."

त्याचं असं झालं. आमचे हे आणि माझा भाऊ एकाच गिरणीत. संप लांबत गेला आणि भाऊ एक दिवस मागच्या गेटनं कामावर गेला. घरात तान्हं मूल होतं त्याच्या. ह्यांना ते चाललं नाही. "फुटीर तो. त्याचं पाऊल माझ्या दारात नको," म्हणाले. त्या भाऊबीजेला तो आला तर हे उंबऱ्यात आडवे उभे. तो तसाच परत गेला. मी मध्ये पडले नाही. तेव्हा आमच्या घरात संपाला धरून राहणं म्हणजे देवाला धरून राहणंच होतं, आणि मलाही ते पटत होतं.

पुढे ह्यांना गिरणी काही परत मिळाली नाही. साकीनाक्याला प्लास्टिकची झाकणं बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे वॉचमन म्हणून लागले. काही दिवसांनी तिथल्याच कामगारांनी संप केला. पुढच्या गेटवर बसले ते. मालकानं टेम्पोत घालून बाहेरची माणसं आणली, मागच्या गेटला. चावी ह्यांच्याकडे.

उघडलं त्यांनी गेट. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मग म्हणाले, "आज मला फुटीर म्हणाले गो." मी भात वाढला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा चकलीचा सोऱ्या दाबून देता देता म्हणाले, "भावाला बोलाव यंदा."

"मी नाही बोलवायची. तुम्ही परत धाडलंत, तुम्हीच बोलवा."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

रविवारी गेलो दोघं. भाऊ दाराबाहेर दाढी करत होता, अर्ध्या गालावर साबण. गेटची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली. साकीनाक्याची बातमी भांडुपला जायला काय लागतं! वर न बघता म्हणाला, "या भावजी. मागचं गेट उघडलंत म्हणे?"

"उघडलं."

"मग? मला काय सांगायला आलात?"

मला वाटलं, संपलं. आता हे एकतर माफी मागतील नाहीतर उलटे फिरतील. ह्यांनी दोन्ही केलं नाही. म्हणाले, "तू तेव्हा चुकलासच, अजून सांगतो. आता मीपण चुकलो. पण म्हणून माणसाला दारातून हाकलायचं नसतं. भाऊबीजेला ये."

"बोलवायला आलात की सुनवायला?"

"दोन्हीला."

आतून भावजय ओरडली, "अहो, साबण सुकतोय तोंडावर. आधी हो तरी म्हणा ना!"

दिवस पालटले की माणसाचे विचार पालटतात म्हणतात. ह्यांचे पालटले असं काही मला दिसलं नाही. संप फोडणं त्यांना शेवटपर्यंत वाईटच वाटलं, आणि ती वॉचमनची नोकरीही त्यांनी सोडली नाही. दोन्ही एकाच शर्टाच्या खिशात ठेवून वावरले. माझं म्हणाल तर कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायचा माझा उत्साहच गेला.

भाऊ आला भाऊबीजेला. पाटावर बसला आणि बसल्या बसल्या दोघांची जुंपली. युनियन, मालक, कोणी आधी कच खाल्ली, सगळं निघालं. मान सारखी ह्यांच्याकडे. मी आपली निरांजन लावून थांबलेय. शेवटी म्हटलं, "अरे, तोंड इकडे कर, नाहीतर कानाला कुंकू लावीन." हसला, वळला. ओवाळून होईपर्यंत दोघं गप्प होते. मी ताट खाली ठेवलं न ठेवलं तोच हे म्हणाले, "तर मी काय म्हणत होतो..."