वडिलांच्या हस्ते सत्कार

आमच्या कोल्हापुरात कुणाचं काही चांगलं झालं की त्याला फेटा बांधतात. निवडून आला, फेटा. रिटायर झाला, फेटा. पोरगं दहावी पास झालं तर बापाला फेटा. मलाही पूर्वी बघायला बरं वाटायचं. आता कुणाच्या डोक्यावर फेटा चढताना दिसला की माझं डोकं फिरतं.

मी राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. गाव चंदगड तालुक्यात. आई गेल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, तिथं एकटेच. एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म "पुढं सरका की ओ!" म्हणून गाडीभर लोकांना दरडावलेला माणूस, पण दम्यानं पार जेरीस आणला. आमच्याकडचा पाऊस लागला की लागला. भिंती ओल्या, अंथरूण ओलं. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांनी त्यांना जीपमध्ये घालून माझ्या दवाखान्यात आणलं, तेव्हा ओठ निळे पडले होते. तेव्हाच ठरवलं, पुढचा पावसाळा आबा माझ्याजवळ काढतील. मी राहत होते मुलींच्या हॉस्टेलवर, तिसऱ्या मजल्यावर. मला तळमजल्यावर दोन खोल्या हव्या होत्या, दवाखान्याजवळ. एवढंच.

दवाखान्यामागच्या गल्लीत तशा खोल्या मिळाल्या. पुढं कट्टा, त्यावर सकाळचं ऊन. मालक मूळचे कोडोलीचे, ऊस आणि म्हशींच्या जिवावर इथं घर बांधलेले. मोठ्या आवाजाचे, दिलखुलास. "नर्सबाई घरात म्हंजे आमचीच सोय की!" म्हणाले. मालकीणकाकींनी चहा टाकला. मग नेहमीचं सुरू झालं: गाव कुठलं, आडनाव काय, पावणंरावळं कुठलं. मी काय लपवणार? बौद्ध आहे म्हणून सांगितलं. माझा चहा संपायच्या आत खोल्या पुतण्याला द्यायचं ठरलं होतं. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र पुढं महिनाभर दारावर तशीच होती.

मी रडले नाही. दातओठ खात दवाखान्यात आले आणि दिसेल त्याच्यावर खेकसले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला समितीकडं धाडलं.

समिती म्हणजे शहरातली दहा-बारा माणसं. कुणी वकील, कुणी मास्तर, एक रिटायर झालेले प्राध्यापक अध्यक्ष. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. पगार नाही, ऑफिस नाही. दर रविवारी एका शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर अवघडून बसायचे. जात, धर्म, अपंगत्व, बाईपण, कशावरूनही कुणाला दार लावलं गेलं की हे ते दार वाजवायला जायचे. शाळा-कॉलेजांत जाऊन माणसाचे हक्क समजावून सांगायचे, पण त्यांचा खरा भरवसा होता तो घरी जाऊन बसण्यावर. भांडण नाही, पोलीस नाही. जायचं, बसायचं, बोलायचं, परत जायचं.

तसे ते मालकांकडं कितीदा गेले. पहिल्यांदा मालक भडकले. नंतर म्हणाले, "माझं काय न्हाय ओ, गल्ली काय म्हणंल?" तर ही मंडळी गल्लीतल्या घराघरांत जाऊन बसली! स्वतःच्या रविवारी, स्वतःचं पेट्रोल जाळून, माझ्यासारख्या कोण कुठल्या पोरीसाठी. त्यांना मी कधी वाईट म्हणणार नाही. तीच तर पंचाईत आहे. भांडायला समोरचा माणूस वाईट तरी लागतो की.

शेवटी मालक वळले. मनापासून वळले, हेही सांगते. "चुकलं माझं," म्हणाले, आणि मला खोल्या दिल्या. आनंदानं मी आबांना फोन केला, तर आबा म्हणाले, "भले शाब्बास! जिंकलीस की गं!"

तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण समितीची एक रीत होती. जो माणूस वळला, त्याचा जाहीर सत्कार करायचा: शाल, नारळ, फेटा. सर म्हणायचे, चारचौघांत बांधलेला फेटा माणसाला मागं फिरू देत नाही. आणि ते खोटं नव्हतं. मला हे ठाऊक होतं, पण फेटा कोण बांधणार ते कुणी सांगितलं नव्हतं. ते मला सभागृहात, माईकवरून कळलं: "भाडेकरू भगिनीच्या वडिलांच्या हस्ते!"

आबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खास एसटीनं आले होते. हाक आल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग पायऱ्या चढले, वर पोचल्यावर दम खायला थांबले. मालक खुर्चीवर बसलेले, आबा त्यांच्यामागं उभे राहून फेटा गुंडाळतायत, लोक टाळ्या वाजवतायत. मग म्हणे दोन शब्द बोला. आबा म्हणाले, "मालकांनी आम्हाला जागा दिली, मी आभारी आहे." गाडीभर लोकांवर गरजणारा आवाज शेवटच्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही.

अरे, कसले आभार? फुकट राहणार होतो का आम्ही? माझं काळीज तुटत होतं आणि शेजारची बाई मला म्हणते, "किती मोठं मन हो मालकांचं!"

आबा राहायला आले. मालक जीव लावायचे, कोडोलीहून दूध पाठवायचे. पण घरी कुणी आलं की आधी आमचं दार वाजायचं. "हे बघा, हेच ते काका. आम्ही आता काय मानत न्हाय!" आबा उठायचे, हात जोडायचे, हसायचे. जिन्यात सत्काराचा फोटो लागला. येणारा-जाणारा फोटो बघायचा, मग आबांना बघायचा. आबांनी कट्ट्यावर बसणं सोडलं. पुढं खिडकीही लावून घ्यायला लागले.

एक दिवस ड्यूटीवरून आले तर पिशवी भरून तयार. "भाताचं बघून येतो," म्हणाले. पाऊस तोंडावर आलेला. मी हातापाया पडले, भांडले, दार अडवून उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले.

तो सगळा राग मी रविवारी सरांवर काढला. सर ऐकत राहिले. म्हणाले, "बाळ, मग आम्ही करायला काय पाहिजे होतं?" म्हटलं, "किल्ली द्यायला लावायची होती. बास. दुसऱ्या कुठल्या भाडेकरूच्या बापाकडनं फेटा बांधून घेतलाय कधी?" सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले. त्या भल्या माणसाला रडवून माझं काही हलकं झालं नाही.

पाऊस लागला. मी रोज फोन करते, रोज तेच. औषध घेतलं? पंप ओढला? कोरड्यात निजता का? काल मात्र राहवलं नाही. म्हटलं, "आबा, हट्ट सोडा. मी न्यायला येते. तिथं जीव जाईल तुमचा."

आबा थांबून थांबून बोलले. "हितं दम लागतो पोरी, खोटं कशाला बोलू. पन हितं श्वास घेतल्याबद्दल कुनाचं आभार मानावं लागत न्हाईत."

तिकडं त्यांना खोकल्याची ढास लागली, आणि ती थांबेपर्यंत मी फोन कानाशी धरून उभी राहिले.