घळीतली ओळ

…तर तेच ते घड्याळ, गळ्यात लटकवायचं, बटण दाबलं की धावायचं आणि पुन्हा दाबलं की थांबायचं. इंजिनिअर ओल्हेर ते घेऊन तोडणीचा वेग मोजायला राजधानीहून आमच्या कॉफीच्या मळ्यावर आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं फिदेलिनाला शेवटून पहिली ठरवलं.

फिदेलिनाला! सातव्या वर्षी आईच्या कमरेला बांधलेल्या टोपलीत फळं टाकायला लागलेली ती बाई. पुढं तोडणीचे पंचेचाळीस हंगाम तिनं एकही न चुकवता काढले. तिचा नवरा ओतोनिएल म्हणायचा, "हिच्यापुढं ताट ठेवून वळू नये, भातातला घेवडा वेचून मोकळी होते." एकदा शेजाऱ्याचं डुक्कर घळीत पडलं, तेव्हा चौघे बाप्ये दोर घेऊन काठावर वाद घालत बसले होते. त्यांचा वाद मिटायच्या आत ही डुक्कर खांद्यावर टाकून वर आली आणि म्हणाली, "झालं का ठरवून?"

त्या डुकरानंच तिचा घात केला. मुकादम आबेलिनोनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून घळीतली ओळ तिच्या नावावर लागली ती लागलीच. चालत्या बैलालाच आर टोचायची, ही रीत कुठल्याही मुलखात सारखीच. वरच्या ओळी बऱ्या होत्या. झाड कमरेइतकं, पायाखाली सपाट, ओळीच्या टोकाला खेचर उभं. घळीत मात्र भिंतीसारखा उतार. एका हातानं मुळी धरायची, दुसऱ्यानं फळ तोडायचं, गोणी भरली की ती पाठीवर घेऊन रांगत वर यायचं. निम्मा दिवस त्या चढण्या-उतरण्यातच जायचा.

"अरे आबेलिनो, तिथं पायऱ्या खोद की चार," ती दर हंगामाला सांगायची. अकरा हंगाम सांगत होती.

"हंगाम संपू दे, मावशी."

हंगाम संपला की, "पावसाच्या आधी करू." पाऊस लागला की, "चिखलात कोण उतरणार?" आणि चिखल वाळला की हंगाम लागलेला.

तर शुक्रवारी मापाच्या पडवीत यादी लागली. पत्र्याचा मापाचा डबा दिवसाकाठी कोणाचे किती भरले, त्याची यादी. सगळ्यांत वर रोसेन्दो, सतरा डबे. सगळ्यांत खाली फिदेलिना, नऊ. आणि त्याखाली तांबड्या शाईत लिहिलं होतं, की खालच्या पाच जणांना नाताळानंतर कामावर यायचं नाही.

नाताळानंतरच तर फळं पिकून अख्खा डोंगर लाल होतो! त्या दिवसांत घरी बसणं फिदेलिनाला ठाऊकच नव्हतं. लहानपणी गोवर आला होता, तेव्हासुद्धा ती बसली नव्हती.

"मावशी, झाडावरची फळं दिसेनाशी झाली की काय तुला?" रोसेन्दो मोठ्यानं म्हणाला. तिशीतला गडी, जीभ हातापेक्षा चपळ. "चष्मा आणून देऊ का?"

"तुझ्या सासूला दे. तिनं जावई बघितला तेव्हाच लागत होता."

पडवी हसली. फिदेलिना मात्र हसली नाही.

सोमवारी दुपारी इंजिनिअरनं खालच्या पाच जणांना ओळीत उभं केलं, बेडशीटएवढा कागद झाडाला टांगला आणि शिकवणी घेतली. "हे बघा, मावशी. दोन्ही हातांनी. खालून वर. या फांदीवर हात, पुढच्या फांदीवर नजर. कळलं?" आणि स्वतः तोडून दाखवलं. पाच फळं तोडली, त्यातली तीन हिरवी.

फिदेलिनानं ती हिरवी फळं उचलली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि "कळलं," म्हणाली. घरी जाऊन तिनं गुळाच्या गरम पाण्याचा पेला असा काही आपटला की ओतोनिएल आपल्या वाटणीच्या मक्याच्या तोर्तिया घेऊन परसात जाऊन बसला.

मंगळवारी पहाटे मुकादम ओळी वाटत होता. "फिदेलिना, घळ."

"मी नाही जायची."

"असं काय करतेस, मावशी? अगं, तिथं दुसरं कोण उतरणार?"

"यादीत मी शेवटची ना? मग अवघड ओळ शेवटच्या बाईला कशाला? पहिला आहे त्याला दे. तो सतरा डबे भरतो, घळ त्याच्यासाठी किस झाड की पत्ती!"

सगळे बघत असताना रोसेन्दो नाही कसा म्हणणार? शीळ घालत उतरला. दहाच्या सुमारास शीळ बंद झाली. दुपारी घळीतून असे काही शब्द वर आले, की बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. संध्याकाळी तो सहा डबे आणि सोललेला गुडघा घेऊन वर आला. फिदेलिनानं रस्त्याकडेच्या सपाट ओळीत वीस डबे भरले होते, शिवाय घरी न्यायला जळण गोळा करून झालं होतं.

बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी तेच. नवी यादी लागली, तर फिदेलिना पहिली आणि रोसेन्दो तळाला, तांबड्या शाईच्या तोंडाशी. आता त्याला थट्टा सुचेना. यादीकडं बघून गेला आणि परत येऊन पुन्हा बघून गेला.

आणि इंजिनिअर? तो आनंदानं नाचायचा राहिला होता! "एका शिकवणीत दुपटीहून जास्त!" तो मुकादमाला सांगत सुटला. रोसेन्दोचं काय, असं मुकादमानं विचारलं, तर म्हणतो, "तो सोमवारी शिकवणीला नव्हता ना."

आबेलिनोनं कपाळावर हात मारला, पण तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर अकरा वर्षांच्या पायऱ्या बाहेर पडल्या असत्या.

शनिवारी इंजिनिअरची करामत बघायला मालकीणबाई आल्या, शेजारच्या मळ्यांवरचे मुकादम आले. मापाच्या पडवीत बाकं मांडली, पानात उकडलेले मक्याचे तामाल वाटले. इंजिनिअरनं फिदेलिनाला पुढं बोलावून पेटीवर उभं केलं. तिची जागा आता पक्की होती. नुसतं "साहेबांनी शिकवलं" म्हटलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या. मागच्या बाकावर रोसेन्दो तामालचं पान न सोडता तो तसाच हातात धरून बसला होता. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"सांगा मावशी," इंजिनिअर म्हणाला, "चार दिवसांत काय बदललं ते सगळ्यांना सांगा."

फिदेलिना म्हणाली, "ओळ बदलली, साहेब. हात सोमवारी होते तेच आहेत, आणि या रोसेन्दोचेही तेच आहेत, त्याच्या गुडघ्याला विचारा. तुमच्या यादीत आम्हा सगळ्यांची नावं आहेत, घळीचं तेवढं नाही. तिचं नाव लिहा सगळ्यांत खाली, आणि नाताळानंतर काढायचं तर तिला काढा. काढता येत नसेल तर सोमवारी चार माणसं आणि चार फावडी द्या, जेवणवेळेपर्यंत पायऱ्या होतील. एक फावडं आबेलिनोला द्या, त्याची अकरा वर्षांची बाकी आहे, आणि एक तुम्ही घ्या. कसं खणायचं ते मी दाखवते, दोन्ही हातांनी, खालून वर."