ओढ्याकाठची दहा पावलं

आमच्या पाड्यात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी न लाजता सांगते. त्यासाठी रोज तलासरीपर्यंत किती चालले ते मलाच माहीत. २०१६च्या सुमारास ग्रामपंचायतीत पाण्याचे नमुने गोळा करायचं कंत्राटी काम मिळालं. बाटली भरायची, थर्माकोलच्या डब्यात ठेवायची, हायवेला बस धरायची, चारोटीला उतरून डहाणूच्या प्रयोगशाळेसाठी दुसरी धरायची. एका बाटलीपायी अख्खा दिवस जायचा.

उन्हाळ्यात हातपंप आटला की बाया ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा खणतात. त्याला आम्ही डवरा म्हणतो. वाळूतून पाझरलेलं पाणी नितळ दिसतं, करवंटीनं हळूहळू हंडा भरायचा. त्या डवऱ्याचा तपासणीचा कागद माझ्या कामाचे पहिले दोन्ही उन्हाळे तोच आला: पिण्यास अयोग्य, नायट्रेट जास्त. ते तान्ह्या बाळांना फार वाईट, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. आणि घरात वहिनीला दिवस गेले होते.

कारण शोधायला प्रयोगशाळा नको होती. डवऱ्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याला लागून, चौघांची मिरची होती. त्यात एक माझा बाप. युरिया ओंजळीनं पडायचा. फवारणी झाली की पंप ओढ्यातच खंगाळायचे. वाहतं पाणी घेऊन जातंय की, म्हणून. ते औषध आमच्या तपासणीत दिसायचंसुद्धा नाही. पंप सरकारी योजनेतून अर्ध्या किमतीत मिळालेले. कुठे धुवायचे ते वाटताना कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याचं काम बघणाऱ्या साहेबांना मी म्हटलं, "पंप देताना तेवढं एक वाक्य सांगायला लावा ना."

"मॅडम, ती आमची योजना नाही," ते म्हणाले आणि एक छापील नमुना ठराव पुढे सरकवला.

तो मी सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. ओढ्याच्या काठची दहा पावलं जमीन पडीक ठेवावी. ग्रामसभेत उभी राहून वाचला. त्या चौघांतलेच शेजारचे काका मागून ओरडले, "सायबीण, तुझ्या बापाची मिरची कुठं हाय गं? चारोटीला?"

सगळे हसले. बाबा उठले. "माझी पयली धरा," म्हणाले आणि खाली बसले.

"तुझं ठीक हाय रे, तुझ्या घरात पगार येतो," काका म्हणाले. "आम्ही जमीन पडीक टाकून काय खायाचं? हिचा कागद?"

तरी ठराव मंजूर झाला. ज्यांची ओढ्याकाठी जमीनच नव्हती त्यांनी भराभर हात वर केले. पाळला तो एकट्या बाबांनी. त्यांच्या दहा पावलांत गवत माजलं, काकांच्या शेळ्या त्यात चरल्या. बाकी तिघांची मिरची पाण्यापर्यंत उतरली. उन्हाळ्यात कागद आला, अयोग्य. वहिनीला तोवर मुलगी झाली होती. दूध पुरत नव्हतं, वरचं पाजायचं तर पावडर पाण्यातच कालवायची.

पुढच्या वर्षी भातकापणी झाल्यावर बाबा बांधावर बसून होते. मी भाकर घेऊन गेले.

"यंदा त्या दहा पावलांत काय करू? लावू मिरची?"

"नको."

"मंग वाल टाकू? वालाला ना युरिया लागतो ना फवारा."

"ठरावात पडीक लिहिलंय, बाबा."

"कुणी लिवलं?"

"मी."

बाबा हसले, पण टोमणा नव्हता त्यात. "शिकलेली तू. पण मला इचारायचं होतंस."

भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल टाकतात, हे मी लहानपणापासून बघत आले. ठराव लिहिताना ते डोक्यातच आलं नाही. समोर छापील कागद होता, आणि छापील कागद बरोबर असतो असं मी पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात शिकले होते. 'पडीक'च्या जागी 'बिनफवारणीचं पीक' लिहिलं असतं तर निदान भांडायला तोंड राहिलं असतं.

त्याच संध्याकाळी तिघांकडे गेले. काका म्हणाले, "हे आधी सांगायचं ना, पोरी. आता रोपं तयार हायत माझी." दुसऱ्यानं बघू म्हटलं. तिसऱ्यानं अर्ध्या पट्टीत वाल टाकला. तेवढाच. मी ठराव नव्यानं, माझ्या भाषेत लिहिला. ग्रामसभेला माणसं भरली नाहीत, सभा तहकूब झाली. पुढच्या वेळीही तेच.

त्या उन्हाळ्यातला कागदही अयोग्यच. दीड पट्टीनं डवरा कसा सुधारणार? वहिनीला मी मुलगी झाली तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, "बाळाला हे पाणी नको. तिचं मी हायवेवरच्या दुकानातनं आणते." तेव्हापासून कामावरून येताना रोज पाच लिटरचा कॅन उचलून आणायचा, असं सुरू होतं. चढावर खांदा भरून यायचा.

एका दुपारी कॅन घेताना वहिनी म्हणाली, "ताई, काकांच्या सुनेला आठवा महिना लागलाय. तिनं विचारलंय, तिच्यासाठी पण आणाल का?"

दुसऱ्या दिवसापासून मी दोन कॅन आणू लागले.